ही 'मीन' राशीची नव्हे!

थांबा, पंचांग मिटा! आज जिच्याबद्दल बोलायचंय ती मीन राशीची नव्हे, नुसतीच 'मीन' आहे. मागून दुसऱ्या बाकावर बसते. कुणाच्या चपला, कुणाच्या डब्यातली शिळी भाकर, कुणाच्या तोंडातलं 'मले-तुले', काही म्हणता काही सोडत नाही. ती एक टोमणा मारते आणि अख्खी गँग खिदळते. ओळखलंत ना? (तुम्हीच होतात का ती? घाबरू नका, आम्ही नावं छापत नाही.)

तर चॅलेंज असं: हीच पोट्टी हिरॉइन. किशोरवयीन वाचकांसाठी कादंबरी. लोकेशन बुलढाणा जिल्हा. आणि शेवटापर्यंत ती बदलायला हवी, तेही वाचकाच्या तोंडून 'काहीही हं!' न निघता. जमेल? अहो, मालमसाला घाटावर नि घाटाखाली, तेराही तालुक्यांत विखुरलाय. फक्त वेचायचा.

नाव ठेवू उल्का. गाव लोणारजवळचं, शाळा लोणारात. कोटी मुद्दाम केलीय, हसून घ्या.

माहीत आहे का? लोणारचं सरोवर म्हणजे काळ्या बेसॉल्ट खडकात आकाशातल्या पाहुण्यानं आदळून पाडलेला खड्डा. व्यास साधारण १.८ किलोमीटर! १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली आणि २०२० मध्ये ते रामसर यादीत जाऊन बसलं. आपली उल्काही तशीच. पडेल तिथे खड्डा!

त्याच २०२० च्या जूनमध्ये लोणारनं काय केलं, आठवतंय? अख्खं पाणी गुलाबी! पाणी आटलं, क्षार वाढले आणि 'हॅलोआर्किया' या मिठात रमणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंगपंचमी उरकून घेतली. आता गंमत बघा. २००४ च्या 'मीन गर्ल्स' या अमेरिकी सिनेमातल्या टोळीचा कडक नियम काय? बुधवारी गुलाबीच घालायचं! लोणारला मेंबरशिप देऊन टाका. आणि हो, तो रंग काही कायमचा नव्हता. उल्काच्या लेखिकेनं हे वहीत लिहून ठेवावं.

हा सिनेमा कशावरून निघाला, माहीत आहे का? कादंबरीवरून नाही! रोझलिंड वाइजमन यांचं 'क्वीन बीज अँड वॉनाबीज' हे २००२ चं पुस्तक म्हणजे पालकांसाठीचं गाइड. ना हीरो, ना गोष्ट. टीना फे यांनी त्यातून पटकथा काढली. पाककृतींच्या वहीवरून थेट पंगत वाढली म्हणा ना!

आणि आपल्या 'कट्टी'ला शास्त्रात भारदस्त नाव आहे, हे माहीत आहे का? १९९५ मध्ये निकी क्रिक आणि जेनिफर ग्रोटपीटर या संशोधक जोडीनं शाळकरी मुलांचा अभ्यास करून सांगितलं की हातघाईत मुलगे पुढे असतील, पण नात्याचंच हत्यार करण्यात मुली त्यांना मागे टाकतात. अबोला, वगळणं, कंड्या पिकवणं. इंग्रजीत 'रिलेशनल ॲग्रेशन'. आपल्याकडे तीनच शब्द: तिच्याशी बोलू नका.

चला, सेट लावू. अमेरिकी सिनेमात अशा मुलीचं सिंहासन कँटीनच्या टेबलाशी असतं. आपल्याकडे कुठलं आलंय कँटीन? डबा बाकावर, नाहीतर लिंबाच्या झाडाखाली. पण दरबार आपल्याकडेही भरतो, आणि तो चाकांवर पळतो. एसटी!

गावोगावच्या मुलींना शाळेत पोचवणाऱ्या 'मानव विकास'च्या निळ्या बस पाहिल्यात ना? अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा मोफत पास, पाठीवर दप्तर आणि दारात रेटारेटी. प्रवास फुकट, पण खिडकी? खिडकीला भाव आहे! बस थांबते न थांबते तोच बाहेरून रुमाल, ओढणी, पाण्याची बाटली खिडकीतून आत. जागा धरली! उल्का खिडकीशी बसते आणि शेजारच्या सीटवर तिचं दप्तर बसतं. ते कुणासाठी उचलायचं, हे रोज उल्का ठरवते. उचललं तर ती मुलगी आज 'इन'. नाही उचललं तर बिचारी दांडी धरून, सगळ्यांच्या नजरा झेलत, लोणार येईपर्यंत उभी. तोंडातून शब्द न काढता एवढी हुकूमत! काढलाच तर तो असा: "काऊन वं, दिसत नाही का तुले? सीट भरलेली हाय." भरलेली कशानं, तर कंपासपेटीनं.

संवाद वऱ्हाडीत चालतील का, ही शंका काढून टाका. चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे, आणि त्यातली माणसं मातीतलंच बोलतात. दिल्लीला कळलं, तर पुण्याला का नाही कळणार?

आता जरा मोठा सवाल. फटकळ म्हणजे मीन का?

बुलढाण्याकडे याचं उत्तर १८८२ पासून छापून तयार आहे! सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेवरचा भ्रूणहत्येचा खटला गाजत होता आणि त्या निमित्तानं पेपरवाले समस्त बायकांना झोडपत होते. इकडे बुलढाण्यात ताराबाई शिंदे भडकल्या आणि त्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून काढलं. पुण्यात श्री शिवाजी छापखान्यात ५०० प्रती निघाल्या, किंमत ९ आणे. भाषा कशी? पानापानावर लवंगी मिरची! जोतीराव फुले बाजूनं उभे राहिले, बाकी बऱ्याच जणांना ठसका लागला. पुढे पुस्तक जे गायब झालं, ते थेट १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणलं. ९३ वर्षं सायलेंट मोड!

याच्या जोडीला हे ऐका. १९६७ मध्ये अमेरिकेत 'द आउटसायडर्स' आली. आजच्या किशोर कादंबरीची गंगोत्री म्हणून तिचं नाव घेतात. लेखिका एस. ई. हिंटन हिनं ती लिहायला घेतली तेव्हा तिचं वय १५! पोरीनं लिहिलंय म्हटल्यावर समीक्षक नाक मुरडतील, म्हणून प्रकाशकानं नुसती आद्याक्षरं छापली. आणि आमच्या बुलढाण्याच्या बाईंनी ८५ वर्षं आधीच पूर्ण नाव ठोकून दिलं होतं. कोण पुढारलेलं, सांगा!

तर फरक इथे आहे. ताराबाईंची जीभ वरच्या दिशेनं चालली, ज्यांच्या हातात छापखाने नि शास्त्रं होती त्यांच्यावर. उल्काची चालते खाली, जिला उलट बोलता येत नाही तिच्यावर. धार तीच. म्हणून विनंती, शेवटच्या प्रकरणात उल्काची जीभ कापू नका हो! दिशा फिरवा फक्त. गोग्गोड झालेली उल्का वाचणार कोण?

पुढचा स्टॉप शेगाव. छळणारे ताळ्यावर आले, याची जिल्ह्यातली सगळ्यात गाजलेली गोष्ट इथलीच. दासगणू महाराजांच्या २१ अध्यायांच्या 'गजानन विजय' पोथीत पाटलांच्या घरची तरणी पोरं गजानन महाराजांची टर उडवतात आणि एकदा चक्क उसानं मारतात. वळ काही उठत नाहीत. उलट, मारून तुमचेच हात दुखले असतील म्हणत महाराज तेच ऊस हातानं पिळतात आणि पोरांना रस पाजतात. पोरं गार!

सीन कसला भारी आहे! पण कादंबरीत तो जशाच्या तसा उचलू नका. मारणाऱ्याला रस पाजणं हे संताचं काम. उल्कानं जिला छळलं ती मुलगी १४ वर्षांची आहे, तिला घरी जाऊन गणित सोडवायचंय आणि तिच्या डोक्यात अजून तो हशा घुमतोय. तिनं माफ केलंच पाहिजे असं लेखकानं आधीच ठरवून टाकलं, तर तो तिचा दुसऱ्यांदा छळ. उल्काला सुधारायचंय ना? मग ऊस तिनंच पिळायचा.

खडूस मुलगी सुधारल्याची जगातली फेमस कादंबरी कुठली? 'द सीक्रेट गार्डन', साल १९११. आणि तिची नायिका मेरी लेनॉक्स येते कुठून? इंडियातून! साहेबाच्या बंगल्यातली लाडावलेली, आयेवर डाफरणारी पोर. कॉलऱ्यात आईबाप जातात, हिची रवानगी इंग्लंडला, आणि तिथली एक बंद पडलेली बाग खणता-निंदता ती माणसात येते. फ्रान्सिस बर्नेट यांनी तिला लेक्चर दिलं नाही, मातीत हात घालायला लावला. विदर्भात तर निंदणाला तोटा नाही!

लॉरेन ऑलिव्हर यांची २०१० ची 'बिफोर आय फॉल' आणखी डेंजर. पॉप्युलर, मीन सॅम अपघातात मरते आणि तोच दिवस तिला पुन्हा जगावा लागतो. किती वेळा? ७! म्हणजे माणूस एका दिवसात सुधारतो हे खरंच, फक्त तो दिवस ७ वेळा लागतो.

सिंड्रेलाच्या सावत्र बहिणींचं पुढे काय झालं, माहीत आहे का? फ्रान्सच्या पेरो यांनी १६९७ मध्ये त्यांना माफ करून सरदारांशी लग्नं लावून दिली. जर्मनीच्या ग्रिमबंधूंनी कबुतरांकडून त्यांचे डोळे फोडून घेतले. एकीकडे वरात, एकीकडे रक्तपात! उल्काला मधल्या कुठल्यातरी स्टॉपवर उतरवा.

सीक्रेट लीक करणाऱ्या मैत्रिणी हव्यात? लोणारच्या आख्यायिकेत रेडीमेड आहेत. लवणासुर जमिनीखाली लपलेला. दैत्यसूदन देखण्या तरुणाच्या रूपात आला, असुराच्या दोन बहिणी भुलल्या आणि भावाचा पत्ता सांगून बसल्या. झालं, असुर खल्लास! दैत्यसूदनाचं देऊळ आजही लोणारात उभं आहे. स्क्रीनशॉट व्हायरल होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

एका थट्टेची किंमत? सिंदखेडराजाला विचारा. जिजाऊंच्या माहेरी, लखुजी जाधवांच्या वाड्यात, रंगपंचमीला लखुजी लहानग्या जिजाऊ नि शहाजींकडे बघून सहज म्हणून गेले की जोडा छान शोभेल. मालोजींनी शब्द धरून ठेवला, जाधवांच्या घरात नाकं मुरडली गेली, आणि दोन घरांत ठिणगी पडली, असं बखरकार रंगवून सांगतात. बोलणारा विसरतो, ऐकणारा नाही. ही ओळ उल्काच्या दप्तरावर मार्करनं लिहायला हरकत नाही.

सस्पेन्सचं काय? जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला शेतात घटमांडणी होते. घटाभोवती धान्यं मांडायची, रात्रभर तसंच ठेवायचं आणि पहाटे कुठला दाणा हलला ते बघून वर्षाचं पीकपाणी सांगायचं. वाचक हेच करतो! पहिल्या प्रकरणात मांडलेल्या दाण्यांवरून तो शेवट सांगून मोकळा होतो. म्हणून रात्रीतून एखादा दाणा गुपचूप सरकवा. इटलीच्या कोलोडी यांनी तर पिनोकिओला १५ व्या प्रकरणात फासावरच लटकवून गोष्ट संपवली होती. वाचकांनी आरडाओरडा केला, म्हणून तो वाचला नि पुढे सुधारला. पब्लिक डिमांड, बॉस!

गँग सोडून गेल्यावरची उल्का कशी लिहायची? ज्ञानगंगा अभयारण्यात चक्कर मारा. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ, रेडिओ कॉलर घालून, सुमारे १,३०० किलोमीटर चालत इथे पोचला. नंबर टी१सी१, टोपणनाव 'वॉकर'. जंगल मिळालं, शिकार मिळाली, राजेपण मिळालं. दुसरा वाघ मात्र तेव्हा एकही नव्हता! डरकाळी फोडायची, आणि ऐकायला नीलगाय.

लिहायला किती दिवस लागतील म्हणता? साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत ५ दिवसांत लिहिली. उलट आपल्या मेहकरचे ना. घ. देशपांडे! त्यांचं शिळेचं गाणं जी. एन. जोशींच्या आवाजात रेकॉर्डवर गाजलं १९३० च्या दशकात, आणि 'शीळ' हा संग्रह आला १९५४ मध्ये. तुम्ही ५ दिवस घ्या नाहीतर २० वर्षं. उल्का काही पळून जात नाही, तिची सीट धरलेली आहे.

माफी मागायला कचोरी न्यावी का? शेगाव स्टेशनवर १९५० च्या सुमारास तिरथराम शर्मांनी विकायला सुरुवात केलेली ती कचोरी आज पार लांबलांबपर्यंत जाते, पण प्लॉटमध्ये नको. कचोरीवरची माफी कचोरी गरम असेपर्यंतच टिकते. (मधल्या सुट्टीत खायला द्या खुशाल.)

मग शेवटचं प्रकरण? तीच निळी बस. उल्का चढते, खिडकीशी बसते आणि दप्तर मांडीवर घेते. शेजारची सीट रिकामी. ती मुलगी चढते, सीट बघते, आणि पुढे जाऊन दांडी धरून उभी राहते. दुसऱ्या दिवशी दप्तर मांडीवर, मुलगी उभी. तिसऱ्या दिवशी गँगमधली एक जण टपकन येऊन बसायला बघते. "तिची हाय ते सीट," उल्का म्हणते, तशीच, त्याच जुन्या धारदार आवाजात. बसमध्ये खसखस. ती मुलगी खिडकीबाहेर बघत उभीच.

असं किती दिवस चालवायचं? ऑलिव्हरबाईंनी ७ दिले होते. आपली बस बोर्डाच्या परीक्षेपर्यंत रोज आहे, रविवार सोडून.