बारा मिनिटांची उलाढाल, चार वर्षांची शाळा

साध्या सुती टी-शर्टचं कापड १५० ग्रॅम धरू. सुताच्या बारीकपणाचं माप ३० काउंट असेल, तर त्या एका टी-शर्टमध्ये जवळपास साडेसात किलोमीटर सूत असतं. ते उसवून सीएसएमटीपासून रुळांच्या कडेनं अंथरत नेलं, तर परळच्या आसपास पोहोचेल. सूत म्हणजे पिळलेले तंतू. कापसाचा एक तंतू साधारण २८ मिलिमीटर लांब आणि वजनाला एका मिलिग्रॅमच्या दोनशेव्या भागाएवढा. या हिशेबानं त्याच टी-शर्टमध्ये तीन कोटींच्या घरात तंतू निघतात. आपण तो घडी घालून कपाटात ठेवतो आणि दोन वर्षांनी फरशी पुसायला काढतो.

युरोपात मात्र तो फरशीपर्यंतही पोहोचत नाही. युरोपीय पर्यावरण एजन्सीच्या अंदाजानुसार २०२२ साली युरोपीय संघाच्या २७ देशांत मिळून ६९ लाख ४० हजार टन कपडे, पादत्राणं आणि घरगुती कापड कचऱ्यात गेलं. माणशी सुमारे १६ किलो. वर्षाच्या सेकंदांनी भागलं तर दर सेकंदाला २२० किलो, म्हणजे हे वाक्य वाचून होईपर्यंत टनाहून जास्त. त्यातला ८५ टक्के माल वेगळा गोळाच झाला नाही. भाजीच्या देठांबरोबर, ओल्या कचऱ्याबरोबर एकाच डब्यात गेला.

इतका मोठा आकडा ऐकला की बुद्धी हात टेकते. ‘यावर आता यंत्रच काय करील ते खरं’ असं वाटू लागतं. म्हणून हाच आकडा दुसऱ्या बाजूनं मोजून पाहावासा वाटला. समजा, या सगळ्या कचऱ्याचे सरासरी २०० ग्रॅमचे नग पाडले. सुमारे ३,४७० कोटी नग होतात. वर्गवारी करणाऱ्या माणसानं प्रत्येक नग हातात घेऊन, पाहून, योग्य ढिगात टाकायला पाच सेकंद घेतले आणि वर्षाला १,७०० तास काम केलं, तर किती माणसं लागतील? सुमारे २८ हजार. अख्ख्या युरोपीय संघाचा कपड्यांचा कचरा एकेक करून माणसाच्या नजरेखालून घालायचा, तर एका बऱ्यापैकी तालुक्याच्या गावाएवढी माणसं पुरतात. युरोपीय कापड-कपडे उद्योगात आज सुमारे १३ लाख लोक काम करतात. त्यांच्या तुलनेत २८ हजार म्हणजे शंभरात दोन.

हा हिशेब मी ढोबळच मांडला आहे, पण त्यामुळे माझं मत पक्कं झालं. कचऱ्याचा डोंगर माणसाच्या आवाक्याबाहेर नाही. आवाक्याबाहेर गेली आहे ती शिकलेली माणसं.

पाच सेकंदांत कपडा ओळखणं हे कसब आहे. इटलीतल्या प्रातो शहरात चिंध्या निवडणाऱ्यांना चेंचायोली म्हणतात. जुन्या लोकरी कपड्यांची रंगानुसार निवड करून, ते पिंजून, पुन्हा सूत काढायचा धंदा तिथं १९व्या शतकापासून चालत आला आहे. निवड इतकी नेमकी, की नव्या सुताला अनेकदा पुन्हा रंगवावं लागत नाही. रंग जुन्या कपड्यांतूनच येतो. रंगकामाचं पाणी आणि रसायन वाचतं ते कुणाच्या तरी बोटांमुळे. अशा निवडणाऱ्याला लोकर आणि अॅक्रिलिकमधला फरक हात लावताच कळतो. ही विद्या आजवर काकानं पुतण्याला द्यायची पद्धत होती. पुतण्या आता त्या धंद्यात यायला तयार नाही.

यंत्रं आहेत. स्वीडनमधल्या माल्मो शहरात सिप्टेक्स हे स्वयंचलित वर्गवारी केंद्र २०२० साली सुरू झालं. अवरक्त प्रकाशाच्या साहाय्यानं ते कापडाचा तंतू ओळखतं. क्षमता वर्षाला २४ हजार टन. युरोपचा सगळा कचरा पेलायचा तर अशी २८९ केंद्रं उभारावी लागतील, आणि तीही चालवायला शिकलेली माणसं लागणारच.

स्वीडनचाच दुसरा अनुभव जास्त कडू आहे. सुंड्सवालमध्ये जुन्या कागद गिरणीच्या आवारात रीन्यूसेल कंपनीनं २०२२ मध्ये कारखाना सुरू केला. जुन्या सुती कपड्यांचा लगदा करून त्यापासून नव्या तंतूंसाठी कच्चा माल बनवायचा, क्षमता वर्षाला ६० हजार टन. म्हणजे युरोपच्या वार्षिक कचऱ्याच्या एका टक्क्याहूनही कमी. तेवढ्यालाही अपेक्षेइतकी मागणी आली नाही आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. पुढं नव्या मालकाकडे ती गेली. तंत्रज्ञान होतं, यंत्र होतं, कच्च्या मालाचा तर महापूर होता. पण त्या लगद्याचं सूत कुठं, कशात आणि किती वापरायचं हे ठरवणारे डिझायनर, खरेदी अधिकारी, कताई तंत्रज्ञ यांची साखळी तयार नव्हती. निदान मला त्या घटनेचा अर्थ असा लागतो.

डिझायनरचं नाव इथं उगाच घेतलेलं नाही. एखाद्या वस्तूचा पर्यावरणावर जो भार पडतो, त्यातला ८० टक्क्यांपर्यंतचा भाग ती वस्तू कागदावर आखली जाते तेव्हाच ठरून जातो, असं युरोपीय आयोग सांगतो. पुन्हा आपल्या टी-शर्टकडे येऊ. कापड जरा ताणलं जावं म्हणून कुणीतरी त्यात ३ टक्के इलास्टेन घालायचं ठरवतो. १५० ग्रॅममध्ये साडेचार ग्रॅम. तेवढ्यानं उरलेल्या एकशे साडेपंचेचाळीस ग्रॅम कापसाचं पुनर्चक्रीकरण अवघड होऊन बसतं. पिंजताना ते रबरासारखे धागे यंत्रात गुंततात, लगदा करताना वेगळे काढावे लागतात. शिलाईचा दोरा पॉलिएस्टरचा, धातूची झिप, छापील प्लास्टिकचं चित्र, प्रत्येक निर्णय कुणाच्या तरी टेबलावर क्षणात होतो आणि लाखो नगांवर उमटतो. ब्रसेल्समधल्या रिसॉर्टेक्स या कंपनीनं ठराविक उष्णतेला वितळणारा शिलाईचा दोरा काढला आहे. भट्टीत घातला की कपडा आपोआप उसवतो. पण असा दोरा अस्तित्वात आहे, हे वर्गात कुणी सांगितलं तरच तो टेबलावर येणार.

मग शिकवायचं कुणी? युरोपात या धंद्यातल्या कंपन्या सुमारे दोन लाख आणि कामगार १३ लाख. भागाकार केला तर एका कंपनीत सरासरी साडेसहा माणसं. अशा ठिकाणी एकाला महिनाभर प्रशिक्षणाला पाठवणं म्हणजे जवळपास १५ टक्के कारखाना बंद ठेवणं. एकटी कंपनी हे करू शकत नाही आणि एकटं कॉलेजही नाही. रंगाई एका देशात पक्की, विणाई दुसऱ्या, वर्गवारी तिसऱ्या. देशादेशांनी हात मिळवण्याची गरज इथून येते. कापड, कपडे, चामडं आणि पादत्राणं या चार धंद्यांसाठी इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या शिक्षण-कार्यक्रमाच्या पैशातून २०१८ साली एक सामाईक कौशल्य-प्रकल्प सुरू झाला, आणि डिसेंबर २०२१ मध्ये कारखानदार, कामगार संघटना आणि शिक्षणसंस्थांनी मिळून कौशल्य करार केला.

उच्च शिक्षणात याचं मला सर्वांत आवडलेलं उदाहरण म्हणजे २०१३ मध्ये सुरू झालेला एसएमडीटेक्स हा संयुक्त पीएचडी कार्यक्रम. विषयच शाश्वत कापड व्यवस्थापन आणि डिझाइन. फ्रान्समधलं रूबे, स्वीडनमधलं बोरोस, इटलीतलं तोरिनो, रुमानियातलं याश आणि चीनमधलं सूचौ अशी त्याची पाच केंद्रं होती. विद्यार्थ्यानं चार वर्षांत तीन देशांत राहून एकच संशोधन पुरं करायचं असे. बोरोसची विणकाम शाळा १८६६ सालची. तिचा वारसा सांगणारी आजची कापड शाळा एका जुन्या कृत्रिम रेशीम कारखान्याच्या परिसरात भरते.

आता पैशांचा आकडा. व्यावसायिक शिक्षणाच्या उत्कृष्टता केंद्रांसाठी इरॅस्मस प्लसमधून एका प्रकल्पाला चार वर्षांकरता जास्तीत जास्त ४० लाख युरो मिळतात. त्यासाठी किमान चार देशांतले भागीदार एकत्र यावे लागतात. युरोपीय कापड-कपडे उद्योगाची वार्षिक उलाढाल सुमारे १७ हजार कोटी युरो. दिवसरात्र धरून सेकंदाला सुमारे ५,४०० युरो. म्हणजे कित्येक संस्थांनी मिळून चार वर्षं चालवायच्या केंद्राचं कमाल अनुदान हा उद्योग बारा-साडेबारा मिनिटांत फिरवतो. मला हा आकडा कचऱ्याच्या टनांपेक्षा जास्त अस्वस्थ करतो. टनांमागे कोट्यवधी लोकांच्या सवयी आहेत. हा आकडा तर एका बैठकीत बदलता येईल.

कायदा थांबायला तयार नाही. कापडाचा कचरा वेगळा गोळा करणं १ जानेवारी २०२५ पासून युरोपीय संघात बंधनकारक झालं. न विकलेले कपडे आणि पादत्राणं नष्ट करायला मोठ्या कंपन्यांना १९ जुलै २०२६ पासून बंदी. पुढं प्रत्येक कपड्याला डिजिटल पासपोर्ट येणार आहे आणि त्यात माल कशाचा, कुठला, हे सांगावं लागेल. तो माल पुरवणाऱ्यांत आपणही आहोत. देशात कापसाखालचं सर्वांत जास्त क्षेत्र महाराष्ट्रात आहे आणि सोलापूरचे टॉवेल परदेशी जातात. व्हीजेटीआय ही तंत्रशिक्षण संस्था १८८७ साली मुंबईत उभी राहिली तेव्हा गिरण्यांना शिकलेली माणसं हवी होती. तीच गरज आज नव्या रूपात दारात उभी आहे.

त्यासाठी शिकायची एक वाट उघडी आहे. इरॅस्मस प्लसमधल्याच इरॅस्मस मुंडसचे संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम भारतीय विद्यार्थ्यांना खुले असतात. शिष्यवृत्ती महिना १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. अभ्यासक्रमांची यादी दरवर्षी बदलते आणि बहुतेक अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत भरले जातात. इचलकरंजीत, मुंबईत, नागपुरात किंवा तुमच्या घरात कुणी टेक्स्टाइल शिकत असेल, तर त्याला किंवा तिला ती यादी या वर्षीच उघडायला सांगा.