पाठ केलेलं इंग्रजी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या मोहल्ल्यातली एक मुलगी इंग्रजी विषय घेऊन बी.ए. करते. मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ती चौदा पानांचा गठ्ठा घेऊन आली. म्हणाली, "चाचा, सेमिनार आहे. दहा मिनिटं बोलायचंय. एवढं माझ्याकडून पाठ करून घ्या."

विषय होता आर. के. नारायण यांची १९५८ सालची 'द गाइड' ही कादंबरी. पानं चाळली आणि मला हसू आलं. पोरीने 'द गाइड'सुद्धा गाइडमधूनच वाचली होती! वाक्यं भारदस्त, एकही चूक नाही आणि त्यातलं एकही वाक्य तिचं नाही. दहा मिनिटांत माणूस सावकाश बोलला तर बाराशे-तेराशे शब्द होतात. चौदा पानं म्हणजे मेल गाडीच सोडायला हवी.

हसलो खरा, पण मला माझं कॉलेज आठवलं. घरी दखनी, शाळेत मराठी आणि पाचवीपासून इंग्रजी, अशी माझी तीन घरं. वक्तृत्व स्पर्धेत इंग्रजी भाषण घोकून उभा राहिलो. तिसरं वाक्य विसरलो आणि चौथंही आलं नाही. पाठांतर म्हणजे ओवलेली माळ. एक मणी निसटला की सगळे घरंगळतात. त्याच वर्षी मराठी कविता मात्र न अडखळता वाचली, कारण ती मी स्वतः लिहिली होती.

महाराष्ट्रात मराठी शाळांमधून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. वर्षं वाढली, पण स्वतःचं वाक्य तयार करायची संधी किती वाढली? निबंध फळ्यावर येतो, मुलं उतरवून घेतात, परीक्षेत तोच निबंध परत येतो. मराठीत आपण 'मी पुस्तक वाचतो' म्हणतो, क्रियापद शेवटी. इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग येतं. 'अ', 'द' यांसारखी उपपदं तर आपल्याकडे नाहीतच. या अडचणी चुकत चुकतच सुटतात. घोकलेल्या निबंधात चूकच होत नाही, मग ती सुटणार कशी?

मी तिला बेंजामिन फ्रँकलिनची गोष्ट सांगितली. शाळा दहाव्या वर्षीच सुटलेली. बोस्टनमध्ये थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करताना त्याला लंडनच्या 'स्पेक्टेटर' या नियतकालिकाचा एक खंड मिळाला. तो त्यातला लेख वाचायचा, प्रत्येक वाक्याचा आशय दोन-चार शब्दांत टिपायचा आणि पुस्तक मिटून ठेवायचा. काही दिवसांनी त्या टिपणांवरून तोच लेख आपल्या शब्दांत लिहायचा. मग मूळ लेखाशी ताडून चुका दुरुस्त करायचा. कधी टिपणांची सरमिसळ करून, काही आठवड्यांनी ती पुन्हा नीट लावायचा. त्यातून विचारांचा क्रम समजे. एवढंच नाही, तो कथांचं पद्य करायचा आणि विसर पडला की पद्याचं पुन्हा गद्य. वृत्त सांभाळायचं म्हणजे एकाच अर्थाचे वेगवेगळ्या लांबीचे शब्द शोधावे लागतात. कवी म्हणून मला हे फारच पटलं.

आम्ही गठ्ठा बाजूला ठेवला. "कादंबरीतलं तुला काय खटकतं?" मी विचारलं. तिने मूळ पुस्तक आणलं, आठवडाभर वाचलं आणि म्हणाली, "चाचा, हा राजू प्रवाशांना खोटं सांगतो ते ठीक. पण लोक साधू समजायला लागल्यावर तो स्वतःशी खोटं बोलतो का?" झाला तिचा विषय! चार मुद्दे एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहिले. आधी ते तिने अम्मीला घरच्या बोलीत सांगितले. अम्मीला इंग्रजी येत नाही. तिला जिथे कळेना, तिथे पोरीचा विचारच कच्चा होता. मग इंग्रजीत, घड्याळ समोर ठेवून. पहिल्या खेपेला चार मिनिटांत संपलं, तिसऱ्या खेपेला नऊ. लिहून काढलेला मजकूरही तिने तीनदा बदलला. लांब वाक्यं तोडली. 'अपरिमित', 'अद्वितीय' अशा अर्थाचे उसने शब्द स्वतःच खोडले. ते खोडताना तिला जड गेलं, कारण मार्क अशाच शब्दांना मिळतात अशी तिची समजूत होती. ती अगदीच चूक होती, असं मला छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

सेमिनारच्या दिवशी ती मध्येच अडली. कागदाकडे पाहिलं, "मी हे पुन्हा सांगते," असं इंग्रजीत म्हणाली आणि पुढे गेली. शेवटी एका मुलाने विचारलं, राजूचा उपास खरा की खोटा? याचं उत्तर कुठल्याच गाइडमध्ये नव्हतं. तिने आपलं मत दिलं, मोडक्यातोडक्या वाक्यांत, पण दिलं.

संध्याकाळी तपासलेला कागद घेऊन आली. सात ठिकाणी 'द' राहिला होता, लाल शाईने घातलेला. ती सातही ठिकाणं तिने बोट ठेवून मला दाखवली आणि विचारलं, "चाचा, नारायण यांचं दुसरं पुस्तक आहे का तुमच्याकडे?"