वजन की लांबी? रायफलच्या गोळीकडून शिकायची रिसर्चमधली एक गोष्ट



पेट पास झालात, प्रपोजल लिहायला बसलात आणि "नेमका कोणता व्हेरिएबल घेऊ?" इथे गाडी अडली, अशा सगळ्यांसाठी आजचा लेख. उदाहरण जरा वेगळं आहे, पण शेवटपर्यंत या.

१ ऑगस्ट २०२४. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सची फायनल खेळत होता आणि कामोठ्यात आमच्या रूमवर एका मोबाईलला पाच डोकी चिकटली होती. ब्राँझ मिळालं, जल्लोष झाला. मग एकाने विचारलं, "जड गोळीला नळीत जास्त पीळ लागतो म्हणतात, ते का रे?" मी छातीठोकपणे सांगितलं, "जड वस्तू सांभाळायला जास्त फिरवावी लागते." उत्तर ऐकायला बरोबर वाटतं. पण ते चूक आहे, आणि का चूक आहे हेच आज बघायचंय.

आधी पीळ म्हणजे काय ते समजून घेऊ. रायफलच्या नळीत आतून स्क्रूसारखे आटे असतात. त्यातून जाताना गोळी स्वतःभोवती फिरायला लागते. "१:१६ ट्विस्ट" म्हणजे १६ इंच पुढे जाताना एक फेरी. म्हणजे आकडा जितका लहान, तितका पीळ जास्त. स्वप्नीलच्या प्रकारात वापरतात ती .२२ ची गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगाने निघते. भागाकार करून बघा, सेकंदाला सुमारे ८०० फेऱ्या होतात!

फिरवायचं कशाला? टोकदार गोळीवर हवेचा दाब जिथे एकवटतो ती जागा गोळीच्या गुरुत्वमध्याच्या पुढे असते. त्यामुळे हवा गोळीला सतत उलटवायला बघते. भोवरा आठवा. न फिरणारा भोवरा आरेवर उभा राहत नाही, फिरणारा राहतो. गोळीचंही तेच.

आता भोवऱ्यालाच जरा ताणून बघा. बसका, रुंद भोवरा पटकन स्थिरावतो. त्याच जाडीचा पण काडीसारखा उंच भोवरा केलात, तर तो सांभाळायला कितीतरी जास्त वेग लागतो. गोळी लांब झाली की उलटवणारा जोर वाढतो आणि आडवं वळण्याचं जडत्वही वाढतं. अडचण लांबीची आहे.

हे ओळखणारे जॉर्ज ग्रीनहिल, वूलिचचे गणिताचे प्राध्यापक. १८७९ मधलं त्यांचं सूत्र इंचांत असं:

ट्विस्ट = १५० × व्यास² ÷ लांबी

यात वजन कुठेच नाही, बघितलंत? .२२ च्या गोळीचा व्यास सुमारे ०.२२३ इंच, लांबी सुमारे ०.४६ इंच. उत्तर येतं १६.२. आणि .२२ च्या नळ्या सहसा १:१६ च्याच असतात.

मग "जड गोळी, जास्त पीळ" हे लोक का म्हणतात? कारण व्यास ठरलेला असतो. नळी तीच, त्यामुळे गोळी जड करायची तर ती लांबच करावी लागते. वजन आणि लांबी हातात हात घालून वाढतात, आणि तराजूवर दिसतं ते वजन. त्यामुळे श्रेयही तेच घेऊन जातं.

दोघांना वेगळं कसं करायचं? असं उदाहरण शोधायचं जिथे वजन जवळपास तेच आहे, पण लांबी वेगळी. ५.५६ मिमी कॅलिबरमध्ये (आपली इन्सास याच कॅलिबरची) ते आयतं मिळतं. अमेरिकी एम-८५५ गोळी ६२ ग्रेनची, लांबी सुमारे ०.९१ इंच. तिच्या जोडीची एम-८५६ ही ट्रेसर, म्हणजे जाताना उजेड सोडणारी गोळी, सुमारे ६४ ग्रेनची. पण शेपटीत हलकं रसायन भरल्यामुळे लांबी सुमारे १.१५ इंच. वेग जास्त असल्याने ग्रीनहिलमध्ये १५० ऐवजी १८० घ्या. पहिलीला ट्विस्ट येतो साधारण १०, दुसरीला ८ पेक्षा कमी. वजनातला फरक फक्त दोन ग्रेनचा! एम-१६ए२ रायफलला १:७ चा पीळ देण्यामागे ही लांब ट्रेसर होती.

आणखी गंमत पुढे आहे. डॉन मिलर यांच्या अलीकडच्या सूत्रात वजन आहे, पण उलट्या बाजूने. लांबी आणि व्यास तेच ठेवून गोळी जड केलीत, तर ती जास्त स्थिर होते! म्हणजे माझं रूमवरचं उत्तर नुसतं अपुरं नव्हतं, त्याची दिशाच उलटी होती.

मिलरचं सूत्र हवाही धरतं. एम-१६ च्या सुरुवातीच्या नळ्या १:१४ च्या होत्या. ५५ ग्रेनच्या गोळीसाठी १५ अंश सेल्सिअसला स्थिरतेचा आकडा १ च्या आसपास येतो, म्हणजे अगदी काठावर. उणे ४० अंशांना हवा सुमारे २४ टक्के दाट होते आणि आकडा ०.८ वर घसरतो. कडाक्याच्या थंडीतल्या चाचण्यांत हीच अडचण दिसली आणि १९६३ मध्ये पीळ १:१२ केला गेला. उबदार हवेत बसलेला नियम थंडीत टिकेलच असं नाही.

आता माझी गोष्ट. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी शाफ्टच्या कंपनांचा आलेख काढला होता, आडव्या अक्षावर वजन. रेषा सुंदर बसली होती. कमिटीतल्या एका सरांनी विचारलं, "तुझे जड शाफ्ट लांबही आहेत का?" होते. आणि लांबी मी नोंदवलीच नव्हती. चार महिन्यांची रीडिंग्ज पुन्हा घ्यावी लागली.

म्हणून प्रपोजल देण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. माझा व्हेरिएबल खरं कारण आहे, की कारणाबरोबर चालणारा सोबती? दोघांना वेगळं करणारी एक तरी केस माझ्या डेटात आहे का? आणि माझी रेषा कुठल्या परिस्थितीत मोडेल?

तुमची ट्रेसर गोळी कोणती, ते तुम्हीच आधी शोधा. कमिटीने शोधली तर महाग पडते.