घाटात केबल तुटली तर?

दोस्तांनो, सुट्टीत गिअरच्या सायकलवरून लांब जायचा बेत ठरतोय का? समजा, आई-बाबांबरोबर तुळजापूरला निघालात. सोलापूरपासून सुमारे ४५ किलोमीटर. कोजागरीला असंख्य भाविक ही वाट पायी चालतात. पण तुळजापूर आहे बालाघाटच्या डोंगरावर, तेव्हा शेवटी घाट आलाच!

कॅरिअरवर सामान, डोक्यावर ऊन. तुम्ही हलक्या गिअरसाठी खटका दाबता आणि टक्! केबल तुटते. खरी पंचाईत पुढंच आहे. केबल तुटली की बहुतेक सायकलींत स्प्रिंग डिरेलरला बाहेर ओढते आणि चेन मागच्या सगळ्यांत लहान चकतीवर जाऊन बसते. म्हणजे सगळ्यांत जड गिअर, आणि तोही चढावर!

आता, केबल अशी एकाएकी तुटत नाही बरं का. ती बारीक तारांची पिळलेली असते आणि शिफ्टरच्या आत, जिथं वाकते तिथं, एकेक तार तुटत जाते. गिअर जड पडू लागले, चेन मधेच कुरकुरू लागली, की समजा केबलचं काहीतरी बिघडलंय.

नळीतून तार ओढण्याची ही युक्ती जुनी आहे. अर्नेस्ट बाउडन यांनी तिचं पेटंट १८९६ साली ब्रिटनमध्ये घेतलं. पूर्वी गिअर अंदाजानं सरकवावे लागत. एका खटक्याला नेमका एक गिअर, ही सोय जपानच्या शिमानो कंपनीनं १९८४ साली रेसिंगच्या सायकलींसाठी आणली आणि मग ती घरोघर पोचली. आठ चकत्यांच्या सायकलीत एका खटक्याला केबल जेमतेम ३ मिलिमीटर सरकते. म्हणजे १ मिलिमीटर सैल पडली तरी गणित चुकलंच! मागावरचा धागा सैल पडला तर चादरीचं काय होईल, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

चला, हात काळे करू या! ५ मिलिमीटरची ॲलन की, पक्कड, तार कापायची धारदार कात्री आणि गिअरची नवी केबल घ्या. दुकानात ‘गिअरची’ असं बजावून सांगा. ब्रेकची केबल जाड असते. वरची नळीसुद्धा वेगळी असते. गिअरची नळी ब्रेकला लावली, तर जोरात ब्रेक दाबताना ती फाटू शकते. हा धोका कधीच पत्करू नका.

१. मागचं चाक उचलून धरायला कुणाला तरी सांगा. पायडल फिरवत चेन सगळ्यांत लहान चकतीवर आणा. आता केबल सैल असते.

२. डिरेलरवरचा बोल्ट सैल करा, केबलच्या टोकाची टोपी कापा आणि केबल शिफ्टरकडे ढकला. तिचं गोल डोकं शिफ्टरच्या भोकातून बाहेर येईल. जुनी तार कशी गेली होती, ते आधी नीट बघून ठेवा.

३. नवी केबल त्याच वाटेनं ओवा. नळी गंजली किंवा चिरली असेल, तर तेवढ्याच लांबीची नवी घाला.

४. केबलच्या वाटेवर हातानं फिरवायची एक छोटी नळकांडी असते. ती पूर्ण आत फिरवून दोन वेढे बाहेर घ्या. मग केबल हातानं ताणून बोल्ट आवळा.

५. पायडल फिरवत एक खटका द्या. चेन दुसऱ्या चकतीवर चढली नाही, तर केबल सैल आहे. नळकांडी पाव वेढा बाहेर काढा. चेन तिसऱ्या चकतीला घासली, तर ताण जास्त झाला. पाव वेढा आत घ्या. असं करत सगळे गिअर तपासा.

६. शेवटी चार-पाच सेंटिमीटर तार ठेवून बाकीची कापा आणि टोकाला टोपी बसवा. नाहीतर तारा उसवतात आणि बोटांत घुसतात.

डिरेलरवर ‘एच’ आणि ‘एल’ अशी खूण असलेले दोन स्क्रू दिसतील. उगाच त्यांना हात लावू नका! ‘एल’ बिघडला तर चेन मोठ्या चकतीवरून थेट स्पोकमध्ये जाऊ शकते. म्हणून मोठी चकती आधी हळूहळू, हातानं पायडल फिरवून तपासा. आणि हे सगळं पहिल्यांदा करताना आई-बाबांना किंवा सायकलवाल्या काकांना शेजारी बसवा.

आणि तरीही घाटात तुटलीच तर? सायकल रस्त्याच्या कडेला घ्या. पुढं दोन-तीन चकत्या असतील, तर चेन हातानं सगळ्यांत लहान चकतीवर आणा. मग ‘एच’चा स्क्रू आत फिरवा. डिरेलर आत सरकतो आणि चेन एखाद-दुसरी चकती वर चढते. गिअर बदलता येणार नाही, पण पायडल तरी मारता येईल. घरी आल्यावर तो स्क्रू पूर्ववत करायला मात्र विसरायचं नाही!

नवी केबल पहिल्या काही फेऱ्यांत थोडी सैल पडते. म्हणून ती निघायच्या आदल्या रात्री नको, आठवडाभर आधी बदला. आणि एक जादा केबल गुंडाळून पिशवीत टाका. वजन नावालाच, पण घाटात तिच्यासारखा सोबती नाही!