एका सुईची शाल

मार्गशीर्ष लागला, की घरोघरी पेट्या उघडतात. डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन स्वेटर, कानटोप्या, शाली बाहेर येतात, एक दिवस गच्चीवर उन्हात पडतात आणि मग संक्रांत उलटेपर्यंत अंगावर राहतात. आपल्याकडची थंडी काही काश्मीरची नव्हे. निफाडचा पारा उतरला, द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या, की त्याची बातमी होते. एरवी आपली थंडी संध्याकाळी सातनंतरची आणि पहाटेची. एका शालीला पुरेल एवढी. ती शाल दुकानात मिळते, हे खरेच. पण श्रोतेहो, आज मी बोलणार आहे ती शाल घरी क्रोशाच्या सुईवर विणण्याबद्दल, आणि विणताना मिळणाऱ्या विसाव्याबद्दल.

क्रोशे हा मूळ फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ लहानसा आकडा. सुईच्या टोकाशी असलेल्या त्या आकड्यानेच सारे काम होते. आपल्याकडे क्रोशा म्हटले, की डोळ्यांपुढे पांढरा दोरा येतो. रुखवतातले रुमाल, दारावरचे तोरण, दुधाच्या भांड्यावरची मणी ओवलेली जाळी, आधी रेडिओवर आणि पुढे टीव्हीवर पसरलेले झाकण. त्या कामाला पोलादाची बारीक सुई लागे, आणि नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, असा तिचा उलटा हिशेब. ते डोळे ताणणारे काम होते. शालीचे तसे नाही. लोकर जाड आणि सुई चार ते पाच मिलिमीटरची. टाका डोळ्यांआधी बोटांनाच कळतो.

पण खरा फरक आहे तो दोन सुयांवरच्या विणकामाशी. स्वेटर विणताना ओळीतले सगळेच्या सगळे टाके सुईवर उघडे असतात. सुई निसटली, की ते पटापट सुटतात. क्रोशात मात्र प्रत्येक टाका तिथल्या तिथे पुरा होतो. सुईवर उघडा राहतो तो एकच फास. शाल चार फुटांची झाली तरी सांभाळायचा फास एकच. आणि टाका चुकला, तर धागा ओढायचा, चुकलेल्या जागेपर्यंत उसवायचे आणि पुन्हा सुरू करायचे. लोकर वाया जात नाही.

या एका फासाची किंमत मला सासूबाईंच्या आजारपणात कळली. त्या तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. खुब्याचे हाड मोडल्याने अंथरुणाला खिळलेल्या. दिवसा मदतीला बाई येत असत, रात्र माझी. घरात आजारपण असले, की जागणाऱ्याला सगळे सांगतात, ‘तूही जरा आराम कर हो.’ तो करायचा कसा, हे कोणी सांगत नाही. डोळा लागावा, तर पंधरा मिनिटांत हाक येते. पुस्तक उघडावे, तर तीच ओळ चार वेळा वाचली जाते. नुसते बसावे, तर पुढे काय काय होईल ते सारे मन आधीच भोगून घेते.

त्या रात्रींसाठी मी शाल हातात घेतली. हाक आली, की फास जरा ओढून लांब करायचा, सुई काढायची आणि उठायचे. पाणी द्यायचे, कूस बदलून द्यायची. परत येऊन त्याच फासात सुई घालायची. जिथे थांबले, तिथूनच पुढे. एकदा सासूबाईंनीच विचारले, ‘कितवी गं ओळ?’ मी म्हटले, ‘तेविसावी.’ त्यानंतर रोज पहाटे चहाच्या आधी त्या ओळींचा हिशेब विचारू लागल्या. गोळ्या आणि औषधाच्या वेळा मोजण्याच्या खोलीत मोजायला आणखी एक गोष्ट आली, आणि ती वाढत जाणारी होती. ती शाल त्यांनी पुढे दोन हिवाळे पांघरली.

या कामाने मन का निवते? हार्वर्डचे डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ मध्ये शरीराच्या विसाव्यावर एक पुस्तक लिहिले. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी दोन. एखादा शब्द, प्रार्थना किंवा हालचाल पुन:पुन्हा करत राहावी. आणि मध्ये दुसरे विचार आले, तर त्यांच्याशी न भांडता त्या आवर्तनाकडे परत यावे. जपाची माळ ओढणाऱ्याला हे नवे नाही. क्रोशात हेच घडते. दोरा वेढा, सुई घाला, ओढा. मन भटकते आणि तीन खांब मोजायचे म्हणून परत येते.

ऑस्ट्रेलियातल्या वुलनगाँग विद्यापीठाच्या संशोधकांनी क्रोशा करणाऱ्यांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात ८,३९१ जणांनी उत्तरे दिली होती, आणि शंभरांतल्या जवळजवळ नव्वद जणांनी ‘या कामाने मन शांत होते’ असे सांगितले. अर्थात, ही उत्तरे ज्यांना क्रोशा आधीच आवडतो अशांची आहेत, हे विसरू नये. औषध म्हणून नव्हे, एक अनुभव म्हणून त्यांच्याकडे पाहावे.

कारण याच सुईची दुसरी बाजूही आहे. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक गेले आणि भीषण दुष्काळ पडला, तेव्हा क्रोशाची लेस विकून कितीतरी कुटुंबे तगली. आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी जिथे समुद्राला मिळते, त्या भागातल्या नरसापूरला एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ही कला नेली, आणि हजारो बायका परदेशी बाजारासाठी लेस विणू लागल्या. जर्मन अभ्यासक मारिया मीस यांनी त्यांच्यावर १९८२ मध्ये पुस्तक लिहिले. दिवसाचे सहा-आठ तास हे काम करूनही त्या बायकांना कामगार म्हणून कोणी मोजत नव्हते. घरबसल्या फावल्या वेळेतला उद्योग, असेच त्याला म्हटले जाई. सुई तीच, टाकाही तोच. मग आपल्याला विसावा मिळतो तो कशाने? मागे तगादा नाही आणि नगावर पोट नाही, म्हणून. तेव्हा ‘संक्रांतीपर्यंत शाल झालीच पाहिजे’ असा तगादा आपणच आपल्यामागे लावून घेऊ नये.

आता प्रत्यक्ष कृती. साखळी आणि खांब एवढे दोन टाके येत असले, तरी पुरे. तिकोनी शाल सर्वांत सोपी. चार साखळ्या घालून त्यांचे कडे जोडा. हा मानेमागचा मध्य. पहिल्या ओळीसाठी चार साखळ्या वर चढा; त्यांतल्या तीन म्हणजे एक खांब आणि चौथी म्हणजे मोकळी जागा. मग कड्यातच तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब, एक साखळी आणि शेवटी एक खांब. काम उलटवा. दुसऱ्या ओळीला पुन्हा चार साखळ्या. काठाच्या जागेत तीन खांब, एक साखळी. मधल्या दोन साखळ्यांच्या जागेत तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब. मग एक साखळी, शेवटच्या जागेत तीन खांब, एक साखळी आणि कडेच्या चार साखळ्यांपैकी तिसरीवर एक खांब. पुढच्या सगळ्या ओळी अशाच. वाटेत एका साखळीची जागा लागेल तिथे तीन खांब, एक साखळी.

पहिल्या ओळीत तीन खांबांचे दोन गट होतात, दुसरीत चार, तिसरीत सहा. प्रत्येक ओळीत दोन गट वाढतात. चाळीस ओळींची शाल धरली, तर एकूण १,६४० गट होतात. वीस ओळी झाल्या, की वाटते, अर्धी शाल झाली. प्रत्यक्षात तोवर ४२० गट झालेले असतात, म्हणजे शाल पाव झालेली असते. पुष्कळजणी इथेच कंटाळून काम बाजूला ठेवतात. हिशेब आधी माहीत असला, तर निराशा होत नाही. त्याचा आणखी एक उपयोग आहे. वीस ओळी झाल्या, की काम स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. त्याच्या चौपट लोकर पूर्ण शालीला लागणार. कमी पडणार असेल, तर त्याच लॉटची लोकर लगेच आणून ठेवा. दुसऱ्या लॉटच्या रंगात सूक्ष्म फरक असतो आणि तो शालीवर पट्टा होऊन दिसतो. सरावलेला हात मिनिटाला दोन गट सहज विणतो. रोज अर्धा तास बसले, तर महिन्याच्या आत शाल होते. नव्या हाताला दुप्पट वेळ लागेल.

दुकानात लोकर म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकचा धागा असतो. तो स्वस्त, धुवायला सोपा आणि अंगाला टोचत नाही. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ. तिची घोंगडी उत्तम होते, चिंचोक्याच्या खळीने ती कडकही होते, पण गळ्याशी घ्यायच्या शालीला ती नको. अ‍ॅक्रिलिकला गरम इस्त्री लावू नये, आणि ते पांघरून शेकोटीजवळ बसू नये. ठिणगी पडली, तर ते वितळून कातडीला चिकटते. खरी लोकर अशी वितळत नाही. शालीची ऊब असते ती टाक्यांत अडकलेल्या हवेची. म्हणून जाळीदार शाल घरात छान उबदार वाटते; वाऱ्यात मात्र तिच्यावर काही घट्ट विणीचे घ्यावे.

बसताना कोपरांना आधार हवा. सुई लेखणीसारखी धरा किंवा सुरीसारखी. दोन्ही रीती बरोबर आहेत. वीस-पंचवीस मिनिटांनी सुई खाली ठेवून बोटे मोकळी करावीत. अंगठा किंवा मनगट दुखू लागले, तर त्या दिवसाचे काम तिथेच थांबवावे. एका फासात पिन अडकवली, की झाले.

आणि यंदा शाल पुरी झाली नाही, तरी बिघडत नाही. विणता विणता ती मांडीवर पसरलेली असतेच. जितक्या ओळी झाल्या असतील, तितकी ऊब त्याच रात्री मिळते.