कोण कोणाचा शिष्य: महानुभावांचे अन्वय

शेंद्र्याच्या शिवारात कारखाने आले त्याआधी तिथे कागद फिरले. जमीन संपादन होताना प्रत्येक गटाबाबत एकच प्रश्न विचारला जातो: मूळ खातेदाराचे वारस कोण? सातबारा निघतो, जुने फेरफार उघडले जातात, तलाठ्यापुढे वंशावळीचे प्रतिज्ञापत्र होते आणि आजोबा-पणजोबांपर्यंतची नावे कागदावर उतरतात. शेंद्रा-बिडकीन हा औद्योगिक पट्टा सुमारे 10 हजार एकरांचा आहे, म्हणजे इथल्या कित्येक घराण्यांना आपली वंशावळ या निमित्ताने मांडावी लागली. ही वंशावळ रक्ताने जुळते आणि मालमत्तेसाठी जपली जाते. याच पट्ट्याच्या एका अंगाला वेरूळ आहे आणि दुसऱ्या अंगाला पैठण. तेराव्या शतकात याच दोन गावांच्या परिसरात अशी माणसे एकत्र आली ज्यांनी घर, शेत, गोत्र, वारसा सगळे मागे टाकले होते. त्यांना वारस असण्याचे कारण नव्हते. तरीही त्यांनी आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी साडेसहाशे-सातशे वर्षे कोण कोणाचा शिष्य याची नोंद टिकवली. महानुभाव पंथात या नोंदीला अन्वय म्हणतात. पंथाच्या काव्यांवर आणि पंथसंस्थापक चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या लीळाचरित्र या ग्रंथाच्या भाषेवर मराठीत विपुल लिहिले गेले, अन्वयाकडे मात्र बहुतेक वेळा ग्रंथकारांच्या तारखा काढण्याचे साधन एवढ्याच नजरेने पाहिले गेले. माझे म्हणणे असे की, अन्वय हा महानुभाव वाङ्मयाच्या खरेपणाचा पुरावा आहे, आणि तो बाजूला ठेवून लीळाचरित्र वाचणे म्हणजे साक्षीदारांची नावे झाकून जबानी वाचणे.

हे म्हणणे समजण्यासाठी पंथाची घडण पाहावी लागते. चक्रधरस्वामी पैठणला भोगनारायणाच्या देवळात राहिले, वेरूळच्या लेण्यांत त्यांचा दीर्घ मुक्काम झाला आणि गोदावरीच्या दोन्ही काठांनी ते फिरले. त्यांच्याभोवती जमलेल्यांपैकी काही घरी राहूनच उपदेश घेणारे होते, काही सर्वस्व सोडून अनुसरलेले होते. अनुसरणे म्हणजे घरादाराचा त्याग, भिक्षा आणि अटन. 1274च्या सुमारास चक्रधर निघून गेल्यावर ही मंडळी ऋद्धिपूरला चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सान्निध्यात राहिली, आणि गोविंदप्रभूंच्या निधनानंतर नागदेवाचार्यांच्या, म्हणजे भटोबासांच्या, नेतृत्वाखाली चालली. एकत्र खाणे, एकत्र फिरणे, वडीलधाऱ्याच्या शब्दात राहणे, मागे काही न ठेवणे: हा समुदाय त्या काळातल्या कुठल्याही घराण्याइतकाच घट्ट बांधलेला होता. त्याला जोडणारा धागा मात्र जन्माचा नव्हता. कोणी कोणाकडून ऐकले, कोणाच्या हातून दीक्षा घेतली, हाच तो धागा. पुढे संन्यासी व्यवस्था कायम राहिल्यामुळे प्रत्येक पिढी बाहेरून येणार हे ठरलेलेच होते. पोटी संतान नसलेल्या समुदायात पिढी मोजण्याचा दुसरा मार्गच नसतो.

आता लीळाचरित्र कसे तयार झाले ते आठवावे. चक्रधर गेल्यावर त्यांचे शिष्य म्हाइंभट यांनी 1278च्या सुमारास त्यांच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. ज्याने प्रसंग पाहिला, ज्याच्याशी स्वामी बोलले, त्याच्याकडे जाऊन विचारायचे आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यायचे, अशी त्यांची पद्धत होती. आज मौखिक इतिहासाची शिस्त म्हणून जे शिकवले जाते त्यातले बरेचसे इथे आहे: साक्षीदाराचे नाव, त्याचे प्रसंगाशी नाते, दुसऱ्याकडून पडताळा. चौदाव्या शतकाच्या आरंभी खलजी फौजांच्या धामधुमीत मूळ प्रत नष्ट झाली असे पंथ सांगतो. त्यानंतर ग्रंथ पाठांतरातून पुन्हा उभा करावा लागला, आणि खरा मुद्दा इथे आहे. ज्यांना पाठ होता त्यांचे पाठ तंतोतंत जुळेनात. अशा वेळी एक पाठ निवडून बाकीचे पुसून टाकणे सोपे होते, पण पंथाने ते केले नाही. पाठभेदांना वासना असे नाव दिले आणि त्या वासना कोणाच्या ते लिहून ठेवले: हिराइसेची, रामेश्वरबासांची, परशरामबासांची. हस्तलिखितांत आजही मजकुराच्या मध्येच असे नाव येते आणि पुढे त्या व्यक्तीचा पाठ येतो. ही हिराइसा म्हणजे वछाहरणकर्त्या दामोदरपंडितांची पत्नी. दोघेही संन्यस्त झाले. तिच्या स्मरणाला ग्रंथाच्या अंगात जागा मिळाली ती कोणाची पत्नी म्हणून मिळाली नाही, कोणाकडून तिने ऐकले याच्या बळावर मिळाली.

असा ग्रंथ वाचणाऱ्याला रामेश्वरबास कोण, त्यांचे गुरू कोण, हिराइसेशी त्यांचा पाठसंबंध काय, हे माहीत नसेल तर वासनांचे वजन करता येत नाही. दोन पाठ एकाच गुरूकडून आलेले असतील तर त्यांचे एकमत म्हणजे एकच साक्ष. ते दोन स्वतंत्र शिष्यशाखांतून आले असतील तर तेच एकमत दोन साक्षींचे होते. संपादकाला हा फरक कळवणारी जागा एकच, ती म्हणजे अन्वय. जगात इतरत्रही मौखिक परंपरेने हीच वाट धरली. पैगंबरांच्या वचनांच्या, म्हणजे हदीसच्या, संग्रहांत प्रत्येक वचनाच्या आधी ते कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी येते आणि त्या साखळीतल्या माणसांची चरित्रे हा तिथे एक स्वतंत्र अभ्यासविषयच झाला. मराठीत सामग्री आहे, तिच्याभोवती असा अभ्यास मात्र उभा राहिला नाही.

पुढच्या काळात नोंदीचे स्वरूप बदलले. नागदेवांनंतर बाइदेवबास, त्यांच्यानंतर शिशुपाळवध आणि उद्धवगीता लिहिणारे भास्करभट्ट कवीश्वर असा क्रम पंथ देतो. नंतर एकाच आचार्याचा अधिकार राहिला नाही. पंथात तेरा आम्नाय, म्हणजे शाखा, झाले. त्यांतले उपाध्ये आणि कवीश्वर हे आम्नाय आजही ठळक आहेत. महंतांच्या नावामागे कवीश्वर कुलाचार्य, उपाध्य कुलाचार्य अशी बिरुदे लागतात आणि कारंजेकर, बीडकर अशी नावे गादीबरोबर गुरूकडून शिष्याकडे जातात. या टप्प्यावर वृद्धान्वय, अन्वयस्थळ, अन्वयमालिका अशा रचना झाल्या. त्यांतले वाक्य कोरडे असते: अमक्याचे शिष्य अमके, त्यांचे अमके, त्यांनी अमुक ग्रंथ केला. पोथ्यांच्या पुष्पिकांतही, म्हणजे शेवटच्या नोंदींतही, लेखनिक आपली गुरुपरंपरा नोंदवतो. या कोरड्या वाक्यांवर मराठी वाङ्मयेतिहासाचा केवढा भार आहे हे सहसा बोलले जात नाही. साती ग्रंथ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पंथाच्या सात काव्यांचे कर्ते नरेंद्र, दामोदरपंडित, भास्करभट्ट, विश्वनाथ बाळापूरकर, रवळोबास, नारायणबास बहाळिये यांचा काळ ठरवताना अभ्यासक शेवटी शिष्यपरंपरेकडेच वळतात. लंडनच्या इयान रेसाइड यांनी 1960मध्ये महानुभाव ग्रंथांची सूची प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनाही ग्रंथकारांची ओळख पटवण्यासाठी हीच वाट चालावी लागली.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे आणि तो पंथाच्या इतिहासातूनच येतो. तेरा आम्नाय झाले म्हणजे तेरा दावे झाले. आपली गादी नागदेवांच्या अधिक जवळची, आपला पाठ अधिक शुद्ध, असे प्रत्येकाला वाटणारच. शिवाय या याद्या ज्या काळातल्या माणसांविषयी बोलतात त्याच्या बऱ्याच नंतर संकलित झाल्या. मग त्यांवर विश्वास कसा ठेवायचा? उत्तर असे की विश्वास ठेवायचा नाही, तुलना करायची. स्पर्धक आम्नायांच्या याद्या जिथे एकमेकींना दुजोरा देतात, आणि विशेषतः जिथे एखादी यादी स्वतःच्या गादीला गैरसोयीची गोष्ट सांगते, तिथे ती नोंद भक्कम मानावी. जिथे एकच यादी स्वतःच्या मोठेपणासाठी एखादा दुवा जोडते तिथे सावध राहावे. कुठल्याही घराण्याच्या बखरीला आपण हीच कसोटी लावतो. एकच यादी असती तर ही कसोटी लावताच आली नसती. पंथफुटीने संशोधकाला दिलेला हा फायदाच आहे.

दुसरा आक्षेप मूळ व्याख्येवरचा: रक्तसंबंध नसेल तर याला वंशावळ म्हणायचे कशाला? पण रक्ताची म्हणून मिरवणारी वंशावळ तरी निखळ रक्ताची कुठे असते? दत्तक घेतलेला मुलगा तिच्यात औरसाच्या जागी बसतो. विसाव्या शतकात मराठी घराण्यांनी मोठ्या कष्टाने कुलवृत्तांत छापले, त्यांपैकी कित्येकांत मुलीचे नाव आले तर तिच्या लग्नापर्यंतच येते. पुढची रेषा मुलाकडून चालते. महानुभावांच्या आरंभीच्या नोंदींत याउलट बाइसा आहेत, महदाइसा आहेत, उमाइसा, आउसा, हिराइसा आहेत. महदाइसा या नागदेवाचार्यांच्या चुलतबहीण हे आपल्याला माहीत आहे, पण नोंदीत त्यांचे स्थान त्यांच्या प्रश्नांमुळे आणि धवळ्यांमुळे, म्हणजे विवाहगीतांमुळे, आहे. दूरच्या देशातही असे समुदाय झाले. 1732मध्ये पेनसिल्व्हेनियात कॉनराड बाइसेल यांनी वसवलेल्या एफ्राटाच्या वसाहतीत ब्रह्मचारी बंधू-भगिनी वेगळ्या राहत आणि आजूबाजूला संसारी अनुयायी असत. आपल्याकडच्या संन्यासी आणि वासनिक (संसारी अनुयायी) या रचनेशी तिचे साम्य लगेच लक्षात येते. तिथला शेवटचा ब्रह्मचारी सभासद 1813मध्ये वारला आणि पुढे संसारी अनुयायीच उरले. महानुभावांची संन्यासी साखळी मात्र सात शतकांहून अधिक काळानंतर आजही चालू आहे, आणि तिचा विस्तार एकेकाळी जयकृष्णी या नावाने पंजाब, पेशावर, काबूलपर्यंत पोचला होता. इतक्या दूरवर, इतका काळ, बाहेरून आलेल्या माणसांनी हे सातत्य राखले, ते नोंद नसती तर शक्यच झाले नसते.

तिसरा मुद्दा पंथाच्या चाहत्यांना न आवडणारा आहे, पण तो मांडलाच पाहिजे. आरंभीच्या शिष्यांची नावे पाहिली तर भट, पंडित, आचार्य यांची गर्दी दिसते. चक्रधरांनी जातीची आणि सोवळ्याओवळ्याची बंधने नाकारली हे लीळाचरित्रात स्पष्ट आहे. त्यांच्या मागे चाललेल्यांत ब्राह्मण बहुसंख्य होते हेही तेवढेच स्पष्ट आहे. यावरून काही जण शिकवण खोटी ठरवतात, काही जण यादीच लपवू पाहतात. दोन्ही टाळावे. शिकवण काय होती हे वचनांतून कळते, ती तेव्हा कोणापर्यंत पोचली हे यादीतून कळते, आणि पुढच्या शतकांत ती वेगवेगळ्या शेतकरी-कारागीर जातींत कशी रुजली हेही नंतरच्या नोंदींच्या आधारेच तपासता येईल. अडचण एवढीच की संन्यास घेताना पूर्वाश्रम सोडायचा असल्याने उशिराच्या याद्यांत गाव-जात गळत गेली. म्हाइंभटांना साक्षीदार ओळखू यावा म्हणून तपशील द्यावे लागले, नंतरच्या संकलकांना ती गरज उरली नाही. म्हणूनच सर्वांत जुन्या नोंदी बोलक्या आहेत; नंतरच्या मुक्या आहेत. त्या नंतरच्या काळासाठी पुष्पिका, मठांच्या गावांची नावे आणि जमिनीचे जुने कागद एकत्र ठेवावे लागतील.

पंथाने आपले ग्रंथ सकळ या सांकेतिक लिपीत झाकून ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार राजवाड्यांनी ती लिपी उलगडली, भाव्यांनी महाराष्ट्र सारस्वतात हे वाङ्मय आणले, य. खु. देशपांडे यांनी यवतमाळात पोथ्या जमवल्या, ह. ना. नेने आणि नंतर वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्र संपादित केले. या सगळ्यांच्या कामात महंतांनी पोथ्या उघडून दिल्या हे विसरू नये. 2024मध्ये ऋद्धिपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आणि त्याचे पहिले कुलगुरू अविनाश आवलगावकर हे स्वतः महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक आहेत. वेगवेगळ्या आम्नायांच्या अन्वययाद्या समोरासमोर छापणारी, प्रत्येक दुव्याला कोणत्या पोथीचा आधार आहे हे सांगणारी चिकित्सक आवृत्ती काढण्यासाठी याहून योग्य जागा नाही. तिच्यात वासनांच्या धन्यांची शिष्यशाखा वेगळी दाखवली, तर लीळाचरित्राच्या पुढच्या संपादकाला आजवर कोणाकडे नव्हते ते साधन मिळेल.

एक शंका आश्रमांतून येईल आणि तिचा मान ठेवायला हवा: जिवंत संन्याशाचा पूर्वाश्रम लोकांपुढे का मांडायचा? त्याने तो सोडला आहे, आणि आजच्या काळात नाव-गाव-जात छापली गेली की तिचा उपयोग कोण कसा करील याचा भरवसा नाही. म्हणून हयात आणि अलीकडच्या पिढ्यांच्या नोंदी आश्रमांच्याच हाती राहाव्यात. छापील आवृत्ती इंग्रजी अमलाच्या आधी थांबावी. तेवढ्यातही पाचशेहून अधिक वर्षांची नावे येतात, आणि बाइसांपासून निघालेल्या त्या रांगेत किती स्त्रियांनी स्वतः शिष्य केले, त्यांच्या शाखा कुठे खुंटल्या आणि कुठे दुसऱ्याच्या नावावर गेल्या, हे पहिल्यांदाच मोजता येईल.