कावडीवरचा भात

मलाया द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यालगत पिनांग नांवाचें एक बेट आहे. त्या बेटावर वसलेल्या जॉर्जटाउन शहरांत रस्त्यावरचें अन्न खाण्याकरितां दूरदूरच्या देशांतून लोक येत असतात. हें अन्न राजवाड्यांत किंवा धनिकांच्या भोजनगृहांत जन्मास आलेलें नव्हे. तें गोदींतील हमालांचें, कथलाच्या खाणींतील मजुरांचें व कोळ्यांचें अन्न होय. तें तेथें कसें आलें, आणि आज तें रांधण्याचा अधिकार कोणाचा याविषयीं तेथें कायदा करण्याची पाळी कां आली, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे. विद्यार्थ्यांनीं शक्य तर आशियाचा नकाशा पुढें ठेवून हा लेख वाचावा.

सन १७८६ मध्यें फ्रान्सिस लाइट यानें हें बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यांत आणिलें, व बंदरांत येणाऱ्या मालावर जकात ठेविली नाहीं. त्यामुळें चोलमंडळाच्या किनाऱ्यावरून, दक्षिण चीनमधून व सुमात्रांतून व्यापाऱ्यांचीं गलबतें तेथें लोटूं लागलीं. पुढें समोरच्या मुख्य भूमीवर कथलाच्या खाणी भरभराटीस आल्या, तेव्हां चिनी मजूर हजारोंनीं उतरले. आणि रबराचे मळे लागले तेव्हां तामीळ मजूर जहाजें भरभरून नेण्यांत आले. यांतील बहुतेक पुरुष एकटे होते. बायकामुलें मागें मायदेशीं राहिलेलीं. ज्यास घर नाहीं त्यास चूल कोठून असणार? चूल नसलेल्या अशा माणसांसाठीं जें अन्न रस्त्यावर शिजूं लागलें, त्याचाच हा सारा विस्तार आहे.

गोदींतील मजुरांस सकाळीं पोटभर भात हवा असे. तो पुरविण्याचें काम तामीळ मुसलमान विक्रेत्यांनीं पत्करिलें. खांद्यावर बांबूची काठी, तिच्या एका टोकास भाताचें भांडें, दुसऱ्या टोकास कालवणाचें, असें ओझें घेऊन ते फिरत असत. मलायी भाषेंत ‘नासी’ म्हणजे भात, आणि ‘कांदार’ म्हणजे काठीवरून खांद्यानें ओझें वाहणें. आमच्या वाचकांस ही वस्तु समजावून देण्याचें कारण नाहीं. ती आपली कावडच होय. कावडी जाऊन आतां दुकानें झालीं, तरी त्या अन्नास अद्यापि ‘नासी कांदार’ असेंच म्हणतात. कॅम्पबेल स्ट्रीटवरील ‘हमीदिया’ हें या जातीचें दुकान १९०७ पासून चालत आलें आहे.

अशा दुकानांत गर्दीच्या वेळीं गेल्यास प्रथम कानांवर पळ्यांचा व ताटांचा खणखणाट येतो. एका लांब मेजावर कोंबडीचें, बकऱ्याचें व माशाचें कालवण, तळलेलें मासे, अंडीं, भेंडी असे पदार्थ मांडलेले असतात. गिऱ्हाइकानें रांगेंत उभें राहून बोटानें दाखवावें, म्हणजे वाढपी तें भातावर घालतो. आणि मग निरनिराळ्या भांड्यांतील तीन-चार प्रकारचा रस्सा एकावर एक ओततो. ‘बांजिर’ असें म्हटल्यास तो भात बुडेपर्यंत ओततो. बांजिर म्हणजे पूर! आमच्याकडील सुगृहिणींस ही सरमिसळ पाहून कसेंसेंच वाटेल. परंतु या अन्नाची खरी चव त्या मिश्रणांतच आहे असें तेथील लोक आग्रहानें सांगतात.

तामीळ मुसलमानांच्या या दुकानांस मलेशियांत ‘मामक’ म्हणतात. हा शब्द तामीळ भाषेंतील मामा या शब्दावरून आला असून अर्थ आपल्या मामाचाच आहे. त्यांतील पुष्कळ दुकानें अहोरात्र उघडीं असतात, व फुटबॉलचा मोठा सामना असेल त्या रात्रीं तेथें बसावयास जागा मिळत नाहीं. तेथेंच ‘रोटी चनाई’ होते. मैद्याचा तेलांत भिजलेला गोळा आचारी हातानें आपटून, हवेंत भिरकावून रुमालासारखा पातळ करितो, मग त्याच्या घड्या घालून तव्यावर भाजतो व डाळीच्या कालवणाबरोबर देतो. चहाचेंही तसेंच. आटविलेलें गोड दूध घातलेला दाट चहा एका भांड्यांतून दुसऱ्यांत हातभर उंचीवरून पुनःपुनः ओतितात. त्यानें तो निवतो, एकजीव होतो व त्यावर फेंस येतो. त्याचें नांव ‘तेह तारिक’, म्हणजे ओढलेला चहा.

चिनी लोकांची रीत निराळी. ‘कोपीतियाम’ म्हणजे कॉफीचें दुकान. त्याचा मालक बहुधा पेयें तेवढीं विकतो, आणि जागा लहान लहान विक्रेत्यांस भाड्यानें देतो. प्रत्येक विक्रेता जन्मभर एकच पदार्थ करितो. एक जण ‘लाक्सा’, म्हणजे मासे व आंबट घालून केलेला शेवयांचा रस्सा करील. दुसरा ‘चार क्वे त्याव’ करील. हा दुसरा पदार्थ तांदळाच्या रुंद पट्ट्या, अंडें, मोड आलेलें कडधान्य, कोळंबी व शिंपल्यांतील मांस यांचा असून खोलगट लोखंडी कढईंत, अतिशय प्रखर जाळावर, क्षणोक्षणीं हलवीत तयार होतो. चांगला आचारी एका वेळीं एक-दोन ताटांपुरतेंच करितो, कारण कढई भरली कीं आंच उतरते आणि परतण्याऐवजीं पदार्थ शिजूं लागतो. ही कला पुस्तक वाचून येत नाहीं. बाप किंवा धनी यांच्याजवळ वर्षानुवर्षें उभें राहूनच ती हातीं येते.

आणि मूळच्या मलायी लोकांचें अन्न? नारळाच्या दुधांत, केवड्याच्या जातीच्या एका सुवासिक पानासह शिजविलेला भात, वर तळलेले बारीक मासे, शेंगदाणे, काकडी, अंडें आणि ‘सांबाल’ नांवाची तिखट चटणी, याचें नांव ‘नासी लमाक’. तो केळीच्या पानांत बांधून सकाळीं विकतात. सांबालांत ‘बलाचान’ असतें, म्हणजे खारवून, वाळवून, कुटून आंबविलेला जवळा. कोंकणांतील आमच्या विद्यार्थ्यांस त्याचा वास अपरिचित वाटणार नाहीं. मिरची मात्र मलायांतलीही नव्हे आणि आपलीही नव्हे. ती अमेरिकेंतून पोर्तुगीजांच्या मार्गानें पूर्वेकडे आली. ज्या आल्बुकेर्कनें १५१० मध्यें गोवें घेतलें, त्यानेंच पुढच्या वर्षीं मलाक्का घेतलें. तेथील पोर्तुगीज वंशाच्या ख्रिस्ती लोकांस आजही ‘क्रिस्तांग’ म्हणतात, आणि नाताळानंतर उरलेल्या मांसाचें, शिरका व मिरची घातलेलें जें जहाल कालवण ते करितात, तें गोव्याच्या विंदालूच्या नात्यांतलें आहे.

इतक्या जातिधर्मांचे लोक एका शहरांत खातात, म्हणून सर्व भेद मिटले असें समजूं नये. जेथें डुकराची चरबी कढईंत पडते तेथें मुसलमान बसत नाहीं. पुष्कळ हिंदु व कांहीं चिनी गोमांसास शिवत नाहींत. १९६९ च्या मे महिन्यांत क्वालालंपूर येथें मलायी व चिनी लोकांत भयंकर दंगे होऊन रक्तपात झाला, हेंही विसरून चालणार नाहीं. तथापि मामाच्या दुकानांत हे सर्व शेजारीं शेजारीं बसतात, एकमेकांच्या भाषेंत पदार्थ मागतात, ही गोष्ट लहान नव्हे. आपल्याकडे पंक्तिभेदानें किती माणसें दूर बसविलीं गेलीं हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस तिचें मोल अधिक कळेल. नासी लमाक, रोटी चनाई व तेह तारिक यांचा समावेश असलेली मलेशियाची न्याहारीची रीत युनेस्कोनें २०२४ मध्यें मानवजातीच्या वारशांत नोंदविली.

आतां त्या कायद्याविषयीं. जुन्या विक्रेत्यांचीं मुलें शिकून कचेऱ्यांत व कारखान्यांत गेलीं. दिवसभर जाळापुढें उभें राहण्याचा धंदा त्यांस नको होता, व त्यांस दोष देतां येत नाहीं. त्यांच्या आईबापांनींच त्यांस शाळेंत घातलें होतें. मागें राहिलेल्या कढया इंडोनेशिया, ब्रह्मदेश, बांगलादेश येथून आलेल्या पगारी माणसांच्या हातीं जाऊं लागल्या. त्यावर पिनांग राज्याच्या सरकारनें २०१४ मध्यें जाहीर केलें कीं, स्थानिक पदार्थांच्या गाड्यांवर परदेशी माणसास मुख्य आचारी म्हणून ठेवितां येणार नाहीं. आणि १ जानेवारी २०१६ पासून तो नियम अमलांत आणिला. चव बिघडते व शहराचा लौकिक जातो, हें सरकारचें म्हणणें होतें. त्यांत कांहींच तथ्य नाहीं असें म्हणवत नाहीं. परवाना आपल्या नांवावर ठेवून, शिकविल्यावांचून दुसऱ्यास कढईपुढें उभें करणारे मालक असतातच. परंतु ज्या माणसानें पहिली कावड खांद्यावर घेतली तो कोठला होता? ज्यानें पहिली कढई जाळावर ठेविली तो कोणत्या जहाजांतून उतरला होता? प्रस्तुत लेखकास वाटतें कीं, शिकविण्याची अट घालणें न्याय्य झालें असतें. जन्मदेशाची अट घालणें तितकें न्याय्य नव्हे.

त्या नियमाप्रमाणें परदेशी नोकरास कोळंबी सोलण्यास, ताटें नेऊन देण्यास व भांडीं घांसण्यास हरकत नाहीं. झारा मात्र दुसऱ्याच्या हातांत असला पाहिजे.